बाहेरची सवाष्ण

चुंबळीच्या आत एक मुंगळा शिरला होता. वरून आभाळाएवढी वाट उघडी असताना तो आपला आतल्या आत, कडेकडेनं फिरत होता – विटक्या हिरव्या चिंधीवरून, गाठीवरून, पुन्हा चिंधीवरून – आणि चांगुणा ती चुंबळ डोक्यावर ठेवायची सोडून हातात धरून बघत उभी होती. चुंबळ लंकाबाईनं करून दिलेली, स्वतःच्या जुन्या लुगड्याची. शिबिराच्या पहिल्या दिवशी बाकीच्या मुलींनी टॉवेलाच्या घड्या डोक्यावर घेतल्या म्हणून चांगुणानंही घेतली, आणि दगडाची पाटी उचलायला गेली तेव्हा वाडीच्या सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. संध्याकाळी लंकाबाईनं ही चुंबळ तिच्या ट्रंकेवर आणून ठेवली. खेड्यातलीच मी, काष्टीची सून, जन्मभर डोक्यावर हंडे वाहिलेली... पण चार मुलींनी टॉवेल घेतला की आपणही घ्यायचा, इतकी कशी मी दुसऱ्यांच्या मागून चालणारी झाले?

“मास्तरीनबाई, पाटी घेताय, का मुंगळ्याला साळा शिकवताय?” लंकाबाई मागून म्हणाली.

चांगुणानं फुंकर मारून मुंगळा उडवला, चुंबळ बसवली आणि पाटीसाठी वाकली. कोवळं ऊन होतं, वारा थंड होता, आणि पहिल्या पाटीला मान नेहमी कुरकुर करते तशी आजही केली.

मोरदरा म्हणजे डोंगराच्या खांद्यावर कशीबशी टेकलेली वीस-पंचवीस घरं. जामखेडहून एस.टी. पायथ्याच्या फाट्यापर्यंत येते, पुढे पायानं चढायचं. नगरच्या अध्यापिका विद्यालयाच्या मुली इथं शाळेची खोली बांधायला आल्या होत्या, श्रमदानाला. शिबिर आधी ठरलं होतं, दुष्काळ मागून पडला, आणि ‘अशा वर्षी तर जायलाच हवं’ असं शिबिराच्या बाईंनी म्हटल्यामुळे ते रद्द झालं नाही. गावातले धडधाकट पुरुष खाली पाझर तलावाच्या कामावर गेले होते, ते बाजाराच्या दिवशी तेवढे घरी यायचे. तेव्हा वर जे बांधकाम चाललं होतं ते बायकांचं. गावच्या बायका, नगरच्या मुली, आणि या सगळ्यांत एकटा पुरुष म्हणजे जैनुद्दीन गवंडी, जामखेडचा, पांढऱ्या दाढीचा, जो बायकांशी कमी आणि दगडांशी जास्त बोलत असे. ‘बस रे राजा, सरळ बस,’ असं तो दगडाला म्हणायचा, आणि दगडानं ऐकलं नाही तर त्याला खरोखरच वाईट वाटायचं.

तीन भिंती छातीपर्यंत आल्या होत्या. पुढच्या भिंतीत दाराची जागा मोकळी सोडली होती. आज तिथं चौकट उभी करायची होती – बाभळीची, जड, काल चौघीजणींनी खांद्यावरून वर आणलेली, आता पोतं पांघरून भिंतीच्या सावलीत आडवी पडलेली. येता-जाता प्रत्येक बाई तिच्याकडे एकदा बघून घेत होती.

पाटी घेऊन चढताना मान ताठ ठेवावी लागते, आणि मान ताठ असली की फार विचार करता येत नाही, किंवा येतो, पण एका वेळी एकच. चांगुणाला ते आवडायला लागलं होतं. ती इथं सुखात होती. हा शब्द तिनं मनातसुद्धा भीतभीतच वापरला, कारण तो तिच्यासारखीनं वापरायचा नव्हता, पण दुसरा शब्द सापडेना. सुट्टीत काष्टीला गेलं की आत्याबाई – तिच्या सासूबाई, बनुबाई – रोज सकाळी चुलीपाशी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायच्या आणि कुंकू बघायच्या. नीट कोरलंय ना, फिकट नाही ना. मायेनंच बघायच्या, त्यात काही खोट नव्हती, पण रोज बघायच्या. नगरला वसतिगृहात निराळंच. तिथं ती खोलीत आली की मुली हसायचं थांबवायच्या, कोणीतरी उगीचच तिला पाणी विचारायचं. इथं मात्र कपाळावर काय आहे याची कोणाला पंचाईत नव्हती, कारण सगळ्यांच्या दृष्टीनं तिथं जे असायला हवं ते होतं.

सहादेव बेपत्ता होता. लढाई झाली त्या डिसेंबरात सरहद्दीवरून तार आली, तेव्हापासून तो ‘बेपत्ता’ होता – मेला असं कोणी म्हटलं नाही, आहे असंही कोणी म्हटलं नाही. आणि परवाच्या डिसेंबरात, वर्ष उलटल्यावर, पाकिस्तानातून कैदी सुटून आले, तेव्हा मामंजी दोन दिवस ग्रामपंचायतीच्या रेडिओपाशी बसून होते, मग नगरला जाऊन मोठ्या साहेबाला विचारून आले. आलेल्यांत तो नव्हता. आत्याबाईंनी ते ऐकून घेतलं, म्हणाल्या, “समद्यांची नावं सांगत न्हाईत ते. काई लपवून ठेवलेली असत्यात,” आणि उठून पेटीतले त्याचे कपडे उन्हात घातले. दर महिन्याला घालतात. चांगुणा संध्याकाळी ते घड्या करून पुन्हा पेटीत ठेवते. कपड्यांना आता पेटीचाच वास येतो.

लंकाबाईनं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच विचारलं होतं, “मालक काय करत्यात?”

“मिलिटरीत आहेत.”

“लई लांब?”

“लांब.”

“मंग सुट्टीला कवा येत्यात?”

आणि चांगुणा म्हणून गेली, “दिवाळीत येतील.”

खोटं बोलले का मी? काष्टीला हेच तर बोलतात सगळे. दिवाळीत येईल, संक्रांतीला येईल, आला की गच्चीवर खोली बांधू... तिथं ते वाक्य उचलताना सगळ्या घराच्या पाठी वाकतात. इथं मी ते नुसतं बोलले आणि लंकाबाईनं ‘आसं व्हय’ म्हणून मान हलवली, आणि लगेच स्वतःच्या नवऱ्याची उडवायला लागली – तलावावर गेलाय, तिथं आयती सुकडी खायाला मिळतीया तर घराकडं यायचं नावच घेत न्हाई मेला! मग काय झालं कोण जाणे, चांगुणाही म्हणाली, “आमचे तर पत्र लिहायचे महाआळशी.” दोघी हसल्या. नवऱ्याला नावं ठेवण्यात एवढी गोडी असते हे ती विसरूनच गेली होती. त्या दिवसापासून ती रोज त्याच्यात एक-एक खोड घालत गेली. घोरतो, चहा बशीत ओततो, जोडे दारात टाकतो. त्यातल्या किती खऱ्या हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं, कारण लग्नानंतर तो आला तो दोनदाच, सुट्टीला, आणि आता डोळ्यांपुढे आणायला गेलं की येतो तो भिंतीवरचा फोटो – टोपी, पट्टा, आणि फोटोवाल्यानं ‘हलू नका’ म्हटल्यावर होतो तसा चेहरा.

तर अशा रीतीनं, दिवाळीत येणाऱ्या नवऱ्याची बायको म्हणून, चौकटीच्या पूजेला तिची निवड झाली.

कालच झाली. चौकट उभी करण्याआधी सवाष्णीनं तिला हळद-कुंकू लावायचं, आंब्याचा डहाळा बांधायचा, पिवळ्या फडक्यात सुपारी-हळकुंड बांधून वर अडकवायचं. मग नाव घ्यायचं नवऱ्याचं, आणि मग चौकटीचे पाय सिमेंट-वाळूच्या मालात ठेवायचे. रीत सगळीकडचीच. पण गावात एवढ्या सवाष्णी असताना बाहेरची कशाला, असं चांगुणानं विचारलं तेव्हा लंकाबाईनं इकडे-तिकडे बघून आवाज बारीक केला होता. शाळेची खोली याआधीही एकदा बांधली होती. मातीची, याच जागेवर. त्या चौकटीची पूजा गावातल्याच गोजरबाईनं केली होती, कारण तेव्हा तिच्यासारखी नशिबवान तीच – नवरा मुंबईला गोदीत, अंगावर नवं लुगडं. पूजा झाली, गूळ-खोबरं वाटलं, आणि आठवड्यानं माणूस सांगावा घेऊन आला की तिचा नवरा मुंबईला मालाखाली सापडून मेला. हिशेब केला तर पूजेच्या आदल्याच दिवशी. म्हणजे गोजरबाईनं कुंकवाचं बोट लावलं तेव्हा ती सवाष्ण नव्हतीच. पुढं पावसाळ्यात भिंत पडली. भिंत मातीची, पाया जेमतेम, पाऊस मोठा, पण गावाच्या मते ती पडली गोजरबाईच्या बोटानं. रात्रीची पडली म्हणून, नाहीतर खाली पोरं असती.

“आता गावातल्या कुनाचीच छाती हुत न्हाई,” लंकाबाई म्हणाली. “माजा तलावावर, हिचा तलावावर, तिचा ऊसतोडीला. कुनाचं आत्ताच्या घडीला काय आसंल, कुनी सांगावं? उद्या कायबी झालं तर जल्मभर आंगावर यायचं. तवा सरपंचाची आई मुक्ताबाई म्हनली, भाईरची सवाष्ण घ्या. बाकीच्या तुमच्या पोरी लग्नाच्या न्हाईत, बाईंचं बी लगीन न्हाई. ऱ्हायल्या तुमी.”

शिबिराच्या बाईंना खरी गोष्ट माहीत होती, मुलींनाही होती. बाईंनी चांगुणाला बाजूला घेऊन विचारलं, “जमेल ना? नाहीतर मी सांगते काहीतरी.” आणि मग, तिच्या खांद्यावर हात ठेवून, “या गोष्टी मानण्यावर असतात. तुलाही बरं वाटेल कदाचित.” चांगुणा म्हणाली, जमेल. जमेल, होईल, करीन – हे शब्द तिच्या तोंडी आताशा फार बसले होते.

दुपारी भाकरीच्या आधीची शेवटची खेप चालली होती. उतारावर बायकांची रांग उभी राहून दगड हातोहात वर देत होती. लंकाबाईकडून चांगुणाकडे, चांगुणाकडून पुढे. तेवढ्यात रांग थबकली. कोणीतरी म्हणालं, “खाकी!” खालच्या वळणावरून खाकी कपड्यांतला एक माणूस वर येत होता, आणि सगळ्या बायका कंबरेवर हात ठेवून, डोळ्यांवर हात धरून तिकडे बघू लागल्या. तलावावरून सांगावा असेल, कोणाला लागलं असेल, कोणाचं काही... लंकाबाईच्या हातातला दगड तसाच अधांतरी राहिला. जवळ आल्यावर कळलं, जंगलखात्याचा शिपाई होता, कोणाच्या शेळ्या वरच्या राईत शिरल्या ते विचारायला आलेला. “आमाला वाटलं...” असं म्हणत बायका हसल्या, शिपायाला दोन शब्द ऐकवले, आणि रांग पुन्हा हलली.

“द्या ना,” चांगुणा म्हणाली. तिचे हात दगडासाठी पुढे झालेले होते. आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की तिनं वळून बघितलंच नव्हतं.

हे काय झालं? तिनं दगड घेतला, पुढे दिला, दुसरा घेतला. काष्टीला दारावरून खाकी गेलं की, मग तो पोस्टमन असो, एस.टी.चा कंडक्टर असो, कोणी असो, ती हातातलं काम टाकून दाराशी यायची. तार घेऊन आलेला माणूस खाकीत होता. ती अंगणात शेंगा फोडत होती, त्यानं नाव विचारलं, आणि हातातली शेंग तशीच बंद मुठीत राहिली ती संध्याकाळपर्यंत. नंतर किती दिवस तो रंग दिसला की मूठ आपोआप आवळायची. आणि आज ‘खाकी’ म्हणून कोणी ओरडलं, सगळ्या रांगेनं मान वळवली, आणि मी म्हटलं – द्या ना. जणू माझ्यासाठी कोणी येणारच नव्हतं. आणखी एकच बाई वळली नव्हती, हेही तिला दिसलं. खाली मालाच्या वाफ्यात फावडं मारणारी गोजरबाई.

भाकरी खाल्ली, पण कशाशी खाल्ली ते कळलं नाही. मुली गाणी म्हणत होत्या. बाईंनी डोळ्यांनीच विचारलं, ठीक ना? तिनं मान हलवली.

जेवण झाल्यावर जैनुद्दीननं चौकटीच्या पायांसाठी घट्ट माल कालवायला सांगितलं, आणि गोजरबाईला पाणी देण्याचं काम चांगुणाकडे आलं. पाणी जपून घालायचं, ते दोन डोंगर पलीकडच्या झऱ्यावरून आणलेलं. गोजरबाई माल कालवण्यात वाकबगार होती. गावाचं मोठं मजेशीर होतं – तिनं कालवलेल्या मालावर सबंध भिंत उभी राहिली तरी चालत होती, तिचं बोट तेवढं लाकडाला लागायला नको होतं. बाई उंच, काळीसावळी, चाळिशीची असावी. बोलत फारशी नसे.

“तुमाला सांगितलंय व्हय पूजा?” फावडं न थांबवता तिनं विचारलं.

“हो.”

“बरं हाय.” माल थोडा पुढे ओढून, “थोडं टाका पानी. बास.”

चांगुणानं घडा खाली ठेवला. विचारू नये हे तिला कळत होतं. “गोजरबाई, त्या वेळी... पूजा करताना, तुम्हाला आतून काही वाटलं होतं का?”

फावडं थांबलं. गोजरबाई रागावली नव्हती. कपाळावरचा घाम तिनं दंडाला पुसला.

“समद्या ह्येच इचारत्यात. म्हनत्यात, धनी गेला अन् तुला कळलं कसं न्हाई? जीव हलला आसंल की. न्हाई हलला, बाई. काईच न्हाई झालं मला. नवं लुगडं नेसले हुते, त्याच्याच नादात हुते. गूळ-खोबरं खाल्लं. रातच्याला झोप बी चांगली लागली.” तिनं पुन्हा फावडं मारलं, मग म्हणाली, “त्याचं लई वाईट वाटतं मला. भिताडाचं काय, भिताडं पडत्यात.”

चांगुणाला तिचा हात धरावासा वाटला, पण तिचे दोन्ही हात पुन्हा फावड्यावर होते. हिला कळलं नाही म्हणून ही इतकी वर्षं जळते आहे... आणि आपलं काय? आपल्याला तर कोणी सांगावासुद्धा आणलेला नाही, आणि तरी आपण वळून बघितलं नाही... पुढचा विचार समोर येऊन उभा राहिला होता, पण तेवढ्यात वरून जैनुद्दीन ओरडला, “माल आना!” आणि तिनं घमेलं उचललं.

चौकटीवरचं पोतं काढलं होतं. दारासाठी सोडलेल्या जागेत दोन खड्डे, त्यांत माल ओतला. चौघींनी चौकट उभी धरली, पाय अजून खाली न टेकवता, विटांवर ठेवून. बायका गोळा झाल्या. नगरच्या मुली मागे उभ्या राहिल्या आणि एकमेकींकडे बघेनाशा झाल्या. मुक्ताबाई – या सगळ्या कामाची खरी मुकादम – स्वतः विधवा म्हणून चार हात लांब, दगडावर बसून हुकूम सोडत होती. तिच्याही मागे, वाफ्यापाशी, गोजरबाई.

लंकाबाईनं ताट चांगुणाच्या हातात दिलं. हळद, कुंकू, आंब्याचा डहाळा, पिवळं फडकं, गुळाचा खडा. “उजव्या बाजूनं लावा आदी,” ती हळूच म्हणाली. “आन् मंग नाव घ्या. झ्याक आसं घ्या, नगरवालं!”

“बिगी बिगी, बायांनो,” जैनुद्दीन म्हणाला. “माल धरायला लागला की पाय बसायचे नाहीत नीट.”

तिनं हळदीत बोट बुडवलं. आता लावायचं एवढंच होतं. बाभळीच्या लाकडाचा वास येत होता, रंधा मारलेला, ताजा. या दारातून पोरं आत जातील, चिंचोके खेळतील, पाढे म्हणतील. बोट लाकडापासून वीतभर लांब असताना तिला लंकाबाईचं वाक्य आठवलं – कुनाचं आत्ताच्या घडीला काय आसंल, कुनी सांगावं. यांनी मला निवडलं ते माझं नक्की आहे म्हणून. एवढ्या सगळ्या जणींना आपल्या घरधन्याची खात्री नाही, आणि यांनी खात्रीची म्हणून शोधून काढलं कोणाला, तर मला! हे मी मानते का? भिंत बोटानं पडते, हे? नाही मानत. पण या मानतात, आणि यांची पोरं इथं बसणार आहेत, आणि उद्या कौल... पत्रा जरी उडाला तरी कोणाकडून तरी कळेलच, नगर काय लंकेत आहे? मग माझं नाव गोजरबाईच्या नावाशेजारी लागेल. ते लागलं तरी चालेल. पण लंकाबाई म्हणेल, मी तिला चुंबळ करून दिली होती...

“नाव आदी घेताय का? घ्या, घ्या,” कोणीतरी म्हणालं. “गप बसा गं, मास्तरीनबाई नाव घेत्यात!”

चांगुणानं हळदीचं बोट मागे घेतलं.

“त्यांचा ठावठिकाणा नाही,” चांगुणा म्हणाली. “लढाई झाल्यापासून. बेपत्ता आहेत. कैदी सुटून आले, त्यांत आले नाहीत.”

पहिल्यांदा कोणाला कळलंच नाही. बायका उखाण्याची पुढची ओळ यायची वाट बघत होत्या. मग मागे कुजबुज झाली, ती पुढे आली, आणि चौकट धरलेल्या चौघींपैकी एकीनं घाईघाईनं हात काढून घेतला, तशी चौकट कलली. जैनुद्दीननं ती खांद्यानं सावरली.

“तुमी मला म्हनला हुता दिवाळीत येनार,” लंकाबाई म्हणाली. ती ओरडली नाही. तिचा चेहरा मात्र उतरला होता, आणि त्याचं चांगुणाला सगळ्यांत जास्त लागलं.

“हो. म्हणाले होते.”

“मंग त्ये चहा बशीत ओतनं आन् जोडं दारात...”

“त्यातलं काही खरं आहे,” चांगुणा म्हणाली.

मग बायकांत वाद लागला, तिला मध्ये उभी ठेवूनच. एक म्हणाली, जवर कळत न्हाई तवर ती सवाष्नच. दुसरी म्हणाली, गोजरचं बी कळलं नव्हतं, मंग? तिसरी म्हणाली, बोट अजून लागलेलं न्हाई, देवाची किरपा, ताट घ्या तिच्या हातातनं. पहिली म्हणाली, कपाळावर कुंकू आसताना ताट काढून घ्यायचं म्हंजी आपनच तिचं कुंकू पुसायचं, त्ये पाप कोन घेनार? बाई पुढे येऊन काही समजावू लागल्या, त्यांचं कोणी ऐकलं नाही. जैनुद्दीन ‘माल, माल’ म्हणत राहिला.

“आता गप बसा समद्या,” मुक्ताबाई दगडावरून म्हणाली. ती उठली, काठी टेकत दोन पावलं पुढे आली आणि तिथंच थांबली. तिचे डोळे म्हातारे, ओलसर, पण नजर सरळ होती. “पोरी, ह्ये आमच्यानं ठरायचं न्हाई. सरकारला कळलं न्हाई, त्ये आमाला काय कळनार? तुजा मालक हाय का न्हाई – तुला काय वाटतं? तू सांगशील त्ये आमी धरू. हाय म्हनलीस तर लाव हळद. न्हाई म्हनलीस तर कुनी तुला बोल लावनार न्हाई.”

कोणी विचारलंच नव्हतं. हातात ताट धरून उभ्या असलेल्या चांगुणाला हे आत्ता लख्ख दिसलं. सव्वा वर्षभर सगळ्यांनी तिला सांगितलं होतं. आत्याबाईंनी सांगितलं, येणार. मामंजींनी सांगितलं, धीर धर. भावानं सांगितलं, शिक, आपल्या पायावर उभी राहा. बाईंनी सांगितलं, या गोष्टी मानण्यावर असतात. तारेतसुद्धा सांगितलंच होतं. तुला काय वाटतं, असं तिच्या तोंडाकडे बघून विचारणारी ही पहिली, आणि ती चांगुणाला धड ओळखतही नव्हती.

ती उत्तर शोधायला आत वळली, आणि शोधावं लागलं नाही. ते तिथंच होतं. कधीपासून, कोण जाणे, रेडिओवर ती नावं आली तेव्हापासून, कदाचित त्याच्याही आधीपासून. आत्याबाईंच्या नजरेला पडू नये म्हणून तिनं ते स्वतःच्याही नजरेआड ठेवलं होतं. हे गेले. हे येणार नाहीत. आपण आता कोसळणार असं तिला वाटलं, पण पाय होते तिथं नीट उभे होते. भीती वाटली ती निराळीच – हे एकदा इथं तोंडातून बाहेर पडलं की इथंच राहणार नाही, ते आपल्याबरोबर डोंगर उतरेल, एस.टी.त शेजारी बसेल, आणि काष्टीला त्या चुलीपाशी येऊन उभं राहील. आत्याबाई उजेडाकडे तोंड वळवतील तेव्हा त्यांना ते दिसेल.

आणि अशा वेळी, कशाचा काही संबंध नसताना, तिला सहादेव आठवला. फोटोतला तो चेहरा नव्हता हा. शेवटच्या सुट्टीत एका संध्याकाळी, आत्याबाई देवळात गेलेल्या, तेव्हा तो पिठलं करायला बसला होता – पलटणीत सगळ्यांना मीच करून घालतो, तू नुसती बघ! – आणि पिठल्यात गुठळ्या झाल्या. त्यानं बेसनाला शिव्या दिल्या, चुलीला दिल्या, चुलीतल्या ओल्या लाकडांना दिल्या. नाकाला पीठ लागलेलं. ती हसली, तर तो खरोखरच रुसला, भिंतीकडे तोंड करून बसला, आणि थोड्या वेळानं तसाच, तिच्याकडे न बघता, सगळं पिठलं गुठळ्यांसकट एकट्यानं खायला लागला. हे कुठं होतं इतके दिवस? एवढी वाट बघितली, एकदाही आठवलं नाही. ताटातली हळद तिला दिसेनाशी झाली. सव्वा वर्षात ती पुष्कळ रडली होती, घर रडलं की त्यांच्याबरोबर रडायची, पण त्या माणसासाठी म्हणून हे पहिलंच.

“पोरी?” मुक्ताबाई म्हणाली.

“सांगते,” चांगुणा म्हणाली. “थांबा जरा. सांगते.”

बायका थांबल्या. जैनुद्दीनसुद्धा चौकटीला खांदा लावून थांबला. खाली माल धरत चालला होता हे तिला कळत होतं, पण तिला घाई करवेना. सहादेव अजून चुलीपाशी बसून पिठलं खात होता.